तारेच्या पलीकडचे वस्ताद

सात वर्षं आम्ही दोघं एका तारेच्या दोन टोकांना उभे होतो. पलीकडच्या कड्यावर वस्ताद, अलीकडच्या कड्यावर मी, आणि मधे घळ. घळ म्हणजे साधी नव्हे. खाली वाकून बघितलं तर ऐन-जांभळांचे नुसते शेंडे दिसायचे, आणि ओढा दिसायचा नाहीच, ऐकू यायचा. कोल्हापुरातनं गाडीनं दोन तास, घाटाच्या जरा अलीकडं हे जंगल. तिथं जयसिंगपूरच्या एका भुसार व्यापाऱ्यानं हौशी लोकांसाठी पार्क काढलेला. राहायला तंबू, झाडाझाडांतनं दोरीचे पूल, आणि घळीवरनं ही तार. कमरेला पट्टे बांधायचे, चाकाला लटकायचं आणि सूं करून या कड्यावरनं त्या कड्यावर. झिपलाईन म्हणतात तिला. आम्ही तारच म्हणायचो. वस्ताद माणसं सोडायचे, मी झेलायचो.

मी बत्तीस वर्षं साखर कारखान्यात क्रेन चालवली. गाडीतला ऊस उचलायचा आणि गव्हाणीत सोडायचा. शाळा चौथीपर्यंत. पण भार बघून ब्रेक कुठं लावायचा, हे मला कुणा इंजिनिअरनं शिकवायची गरज तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. मालकांनी मला घेतलं ते तेवढ्यासाठी. वस्तादांना कशासाठी घेतलं, हे मालकांनाही धड सांगता आलं नसतं. कोल्हापुरातल्या एका तालमीत ते पोरांना कुस्ती शिकवायचे. तालमीत मशिनं आली, भिंतीला आरसे लागले. आरशात बघून दंड काढणाऱ्याला वस्ताद पैलवान मानायचे नाहीत. भांडून बाहेर पडले ते थेट जंगलात आले. येताना डालड्याच्या जुन्या डब्यात आखाड्यातली तांबडी माती तेवढी घेऊन आले.

ही माती ते प्रत्येकाच्या तळहाताला चोळायचे. आयटीतली एखादी पोरगी हात मागं घ्यायची, "अंकल, हे काय आहे?"

"माती हाय, पैलवान. तेल, ताक, हळद पाजून वाढवल्याली. चोळा. पकड सुटत न्हाय."

पकडायचं काय असतं तारेवर? पट्टे धरून ठेवतात माणसाला. पण माती चोळली की पोरगी आपणहून कडेपर्यंत चालत जायची, हे मी माझ्या टोकाला आलेल्या माणसांकडनं ऐकलेलं आहे. वस्तादांसाठी सगळेच पैलवान. साठीच्या आजीबाई पैलवान, दहावीतलं पोर पैलवान. सकाळी पहिलं माणूस सोडायच्या आधी ते मांडीवर शड्डू ठोकायचे. तो आवाज घळीतनं फिरून माझ्यापर्यंत यायचा आणि मग मी दोरी हातात घ्यायचो. घड्याळ बघायचं काम नव्हतं.

आता वजनाचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे.

माझ्या बाजूला तारेवर एक लाकडी ठोकळा होता, त्याला बांधलेली दोरी माझ्या हातात. आलेलं माणूस ठोकळ्याला थडकलं की मी दोरी ढिली करत करत त्याला थांबवायचो. जड माणूस जोरात येतं, म्हणून त्याच्यासाठी ठोकळा पुढं, लांब ठेवायचा. हलक्यासाठी जवळ. जड माणसाला जवळचा ठोकळा लावला तर ते माझ्या छातीवर. आणि हलक्याला लांबचा लावला तर ते लांबच थांबणार आणि मागं घरंगळत जाऊन घळीच्या मधोमध लटकणार. मग कुणीतरी तारेवर जाऊन त्याला हातानं ओढत आणायचं. म्हणजे सुटायच्या आधी मला वजन कळलं पाहिजे.

मालकांनी त्यासाठी काटा आणून ठेवला होता, आकडे चमकणारा. वस्तादांनी त्याच्यावर आपला डबा ठेवायला सुरुवात केली. ते माणसाचं मनगट धरायचे. "हात सोडा, पैलवान. ढिला. माझ्या हातावर झोपवा त्याला." क्षणभर हात तोलायचे, आणि वजन सांगायचे. मालकांनी एकदा परीक्षा घेतली. दहा-बारा माणसं आधी वस्तादांच्या हातात दिली, मग काट्यावर उभी केली. एका माणसाच्या बाबतीत दोघांचं पटलं नाही, चार किलोचा फरक. वस्तादांनी वाकून काट्याच्या पायाखालचा खडा काढला आणि मालकांच्या हातात ठेवला. तेवढंच.

पण आकडा घळीपलीकडं ओरडायचा तर वारा तो अर्धा खायचा. मालकांनी वॉकीटॉकी दिल्या. वस्ताद म्हणाले, "ह्यातनं माणसाचा आवाज येतच न्हाय, खुडुक कोंबडीचा येतोय," आणि ती जांभळाच्या फांदीला टांगून ठेवली. मग त्यांनीच तोड काढली. चार नावं, हलक्यापासनं जडापर्यंत. कोकरू, बोकड, खोंड आणि गवा. माझ्या बाजूला दोरीवर मी चार रंगांच्या खुणा केल्या. पलीकडनं आरोळी यायची, "खोंऽऽड!" मी ठोकळा खोंडाच्या खुणेला नेऊन "व्हय!" म्हणायचो, आणि खोंड ओरडत यायचा.

लोकांना हे कळायचंच. कबनूरचे एक यंत्रमागवाले शेठ होते, त्यांना गवा म्हटल्यावर ते इतके खूश झाले की मोबाईल चालू करून "परत एकदा ओरडा की वस्ताद" म्हणून मागं लागले. पण एकदा कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. माझ्यापाशी उतरल्या त्या लालबुंद होऊन. "मला बोकड म्हणाले ते! तक्रार करणार आहे मी." तक्रार झाली. मालकांनी वस्तादांना माफी मागायला लावली. वस्ताद हात जोडून म्हणाले, "बाई, चुकलं. पर आमच्या कोल्हापुरात रविवारच्या दिवशी बोकडाएवढा मान कुणालाच न्हाई, कुणालाबी इचारा." बाई हसल्या, आणि दुसऱ्यांदा तारेवर बसल्या. या वेळी त्यांनी स्वतःच ओरडून सांगितलं मला.

एकदा पहाटे धुक्यात खरोखरचा गवा वस्तादांच्या माणसं सोडायच्या मचाणापाशी येऊन उभा राहिला. मला इकडनं नुसता काळा डोंगर दिसला. पळा म्हणून ओरडावं तर ते जनावर बिथरायचं. तेवढ्यात वस्तादांचा आवाज आला, अगदी हळू, पण घळीनं तो मला आणून दिला. "पावणं, तुमचं वजन तारंला झेपायचं न्हाय. खालच्या वाटंनं जावा." गवा थोडा वेळ उभा राहिला आणि खालच्या वाटेनं गेला. मी हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी बघितलंय.

एवढा हा माणूस, पण सात वर्षांत एकदाही तारेवर बसला नाही. हजारो माणसं सोडली, स्वतः नाही. रोज दुपारी डबा घेऊन माझ्याबरोबर जेवायला यायचे ते घळीतल्या वाटेनं. उतरायचं, ओढा ओलांडायचा, परत चढायचं. चाळीस मिनिटं. तारेवरनं मिनिटभर लागलं नसतं. कुणी विचारलं की म्हणायचे, "वस्तादानं माती सोडायची नसती." मला तो मोठेपणा वाटायचा. पावसाळा सरून पार्क चालू झाला की सुरुवातीला त्यांच्या नडग्यांना जळवा लागायच्या, ते मिठाची पुरचुंडी कमरेला लावून चालायचे, आणि वर येऊन माझ्यासमोर भाकरी सोडायचे. मी एकदा म्हटलं, "वस्ताद, एवढं चालण्यापेक्षा तिकडंच जेवत जावा की."

"एकटं जेवून अंगाला लागत न्हाय, ऑपरेटर."

मला ते ऑपरेटर म्हणायचे. कारखान्यात बत्तीस वर्षं राबलो, तिथं कुणी एवढ्या मानानं म्हटलं नव्हतं.

जेवण झालं की माझं मनगट धरायचे. गंमत म्हणून. "खोंड हाईस अजून," म्हणायचे आणि सोडायचे. सहाव्या पावसाळ्यानंतर पार्क परत चालू झाला, त्या दिवशी त्यांनी मनगट धरलं आणि सोडलं नाही.

"तीन किलो गेलं तुझं."

"पावसाळ्यात घरात बसून खाल्लं न्हाय नीट."

पुढच्या महिन्यात म्हणाले, पाच. मी पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं ते शर्टाखाली झाकलेलं. तहान फार लागायची. दोन बाटल्या पाणी दुपारपर्यंत संपायचं. घोट्याला जळू चावली होती ती जागा दोन महिने भरत नव्हती. वस्तादांना अशीच चावलेली, ती चार दिवसांत सुकली. त्यांनी माझा पायमोजा खाली ओढून बघितला आणि म्हणाले, "दवाखान्यात चल."

मी नाही म्हणालो. मी आयुष्यात कुणाच्या गोळीवर जगलो नाही. शिवाय दवाखान्यात गेलं की खिडकीतनं कागद पुढं करतात, भरा म्हणतात, मागं रांग असते आणि आपण पेन धरून उभे. आणि मालकांना कळलं असतं की या म्हाताऱ्याचा पाय सडलाय, तर दोरी दुसऱ्याच्या हातात गेली असती. हे काही मी वस्तादांना बोललो नाही. नुसतं नाही म्हणालो. ते रोज विचारायचे. मी रोज नाही.

एका दुपारी त्यांनी मनगट धरलं आणि म्हणाले, "खोंड न्हाई राह्यलास. बोकड झालास. आणि पायाला वास यायलाय तुझ्या."

मी हात हिसकावून घेतला. "सोडा मनगट! सात वर्षांत एकदा तार ओलांडायची छाती झाली न्हाय तुमची, आणि मला शिकवाय आलाय? भित्रा माणूस हाईसा तुम्ही."

तालमीतल्या वस्तादाला भित्रा म्हटलं मी. त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. झाकण लावलं. उठले, आणि वाटेला लागले. नंतर तीन दिवस जेवायला आले नाहीत. पलीकडनं फक्त कोकरू, बोकड, खोंड, गवा. मीही फक्त व्हय. दुपारी मी एकटा बसायचो. ते म्हणायचे ते खरं होतं, एकटं जेवून अंगाला लागत नाही.

सोमवारी पार्क बंद असतो. त्या दिवशी मी तारेला ग्रीस लावायला म्हणून माझ्या टोकाला गेलो होतो. जंगल शांत. एक शेकरू तेवढं जांभळावर कचकच करत होतं. आणि पलीकडनं आवाज आला.

"ऑपरेटर!"

बघितलं तर वस्ताद मचाणावर उभे. कमरेला पट्टे, डोक्याला हेल्मेटचं टोपडं, गळ्यात जेवणाचा डबा बांधलेला.

"मी येतो तिकडं. तारंवरनं. आलो तर तू उद्या दवाखान्यात यायचं. व्हय म्हण."

मला वाटलं, चेष्टा करतात. मी म्हटलं, "आधी या तर खरं!"

"व्हय म्हण!"

"व्हय!"

ते नुसते उभे. दोनदा कडेपर्यंत आले, दोनदा मागं गेले. मी ओरडणार होतो, की राहू द्या वस्ताद, येतो मी दवाखान्यात. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात शड्डू ठोकल्याचा आवाज आला, आणि आरोळी.

"गऽऽवा!"

मी ठोकळा गव्याच्या खुणेला नेला. "व्हय!" म्हणालो. सात वर्षांची सवय. त्यांच्या तोंडातनं आलेलं वजन मी कधी तपासलं नव्हतं.

ते आले. डोळे गच्च मिटलेले, तोंडातनं आवाज नाही, गळ्यातला डबा तेवढा खडखडत होता. ठोकळ्याला थडकले ते इतके हळू, की मला दोरी ढिली करावीच लागली नाही. थांबले. आणि मागं निघाले. घरंगळत, हळूहळू, मधोमध जाऊन लोंबकळत राहिले. खाली शेंडे, त्याच्या खाली ओढा.

"ऑपरेटर," डोळे मिटूनच म्हणाले, "पोचलो काय?"

"न्हाय वस्ताद. डोळं उघडू नका."

"किती राह्यलं?"

"थोडं."

"तुझा आवाज थोड्याचा न्हाय येत."

मी म्हटलं, "वस्ताद, वजन किती सांगितलंत?"

"गवा."

"खरं किती हाय?"

घळीतनं उत्तर आलं, "कवातरी होतो की गवा."

सगळ्या दुनियेचं वजन तोलणाऱ्या माणसानं आपलं वजन तीस वर्षांपूर्वीचं सांगितलं होतं. नंतर म्हणाले मला, की आपलं मनगट आपल्या हातात कळत नाही. तसंही असेल. पण मला वाटतं, आखाड्यात उतरताना नाव पुकारतात ना, तसं त्यांनी ते पुकारलं होतं.

मी पट्टे चढवले, चाक अडकवलं आणि हातांनी तार ओढत ओढत त्यांच्याकडं निघालो. पट्टे पायातनं चढवताना घोट्याची जखम घासली होती, मोजा ओला झाला होता. ते बोलत होते, घाबरलेलं माणूस बोलतं तसं, न थांबता.

"एकदा असंच झालंतं. मोठं मैदान होतं, सगळी पेठ बघाय आलीती. समोरच्यानं मला कमरंला धरला आणि उचलला. डोक्याच्या वर. आपटला न्हाय लगीच. धरून फिरवला गरागरा, लोकांनला दाखवाय. पाय हालवतोय, खाली मातीच न्हाय. तवापास्नं जमीन सुटली की डोळं आपोआप मिटत्यात बघ. कुणाला सांगितलं न्हाय. बायकोला बी न्हाय."

"मग आज कशाला बसलासा?" मी धापा टाकत विचारलं.

"तू भित्रा म्हणलास म्हणून न्हाय," ते म्हणाले. "पायाचा वास आला म्हणून."

मी पोचलो. त्यांनी चाचपडत माझा हात धरला. मला वाटलं, आधाराला धरतात. तर मनगट तोलायला लागले, घळीच्या मधोमध, डोळे मिटून.

"बोकड बी न्हाईस लेका तू. कोकरू झालास."

कड्यावर आणल्यावर ते आधी जमिनीवर आडवे झाले, दोन्ही तळवे मातीवर पसरून. मग उठून बसले आणि डबा उघडला. आमटी सगळी भाकरीत सांडली होती. तशीच खाल्ली आम्ही. परत जाताना अर्थातच ते वाटेनं गेले.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात गेलो. खिडकीतनं कागद आला तो वस्तादांनी घेतला आणि मागं रांगेत उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला दिला. "पैलवान, भरा जरा. आमच्या दोघांचं चष्मं घरी राह्यलं." दोघांनाही चष्मा नव्हता. नर्सबाईंनी मला काट्यावर उभं केलं. वस्तादांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि म्हणाले, "चोपन्न." बाईंनी आकडा बघितला, मग त्यांच्याकडं बघितलं, आणि चोपन्न लिहिलं.

साखर निघाली. बत्तीस वर्षं कारखान्यात साखर केली, शेवटी ती मलाच येऊन चिकटली. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर थांबला असता तर पाय गुडघ्यापासनं काढावा लागला असता. पाय राहिला. आजही त्याच पायावर उभा राहून मी दोरी धरतो. दोरी कुणी काढून घेतली नाही. वस्तादांनी मालकांना काय सांगितलं होतं ते त्यांचं त्यांना माहीत.

त्याच हंगामाच्या शेवटी वस्तादांचे गुडघे गेले. घळ चढवेना. ते कोल्हापूरला पेठेत लेकाकडं राहायला गेले. त्यांच्या जागी आता एक हुशार मुलगी आहे, काट्यावर वजन करते, मशिनीतनं आकडा सांगते. चुकत नाही. दुपारी ती तिकडं जेवते, मी इकडं.

गेल्या उन्हाळ्यात वस्तादांच्या सुनेचा फोन आला, आठवण काढतात म्हणाली. गेलो. खाटेवर होते. खाटेखाली डालड्याचा डबा होता, माती अजून अर्धी. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. आपला हात पुढं केला आणि माझ्या तळहातावर झोपवला.

"बघ."

"मला कुठलं कळतंय, वस्ताद?"

"सात वर्सं माझ्या हाकंवर ठोकळा लावलास. कळतंय तुला."

मी मनगट धरलं. कळलं मला. कळू नये असं वाटत होतं, पण कळलं. कारखान्यात क्रेनच्या पंजातनं ऊस सुटून गेला की साखळी एकदम हलकी होते, तसं.

"सांग की," ते म्हणाले.

"गवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंडात दात नव्हते, तरी हसले. "खोटं बोलतोयस. परत अर्ध्यात लटकवशील मला."

"लटकलासा तर ओढून आणतो की," मी म्हटलं. "गवा म्हंजे गवा."

त्यांनी डोळे मिटले. सुनेनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला. हात तेवढा त्यांनी माझ्या हातातनं काढून घेतला नाही.